अक्षता कुठे गेल्या?

“आमच्या लग्नात अक्षता टाकल्याच नव्हत्या की काय?”

काकू थट्टा करताहेत असं मला आधी वाटलं. १९९३ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, मुलांनी ‘फोर-के करून द्या’ म्हणून आणलेली. मॉनिटरवर अंतरपाट धरलेला होता, भटजींचं ‘सावधान’ ऐकू येत होतं, हॉलभर हात वर जात होते, मुठी उघडत होत्या आणि त्यांतून काही म्हणता काही पडत नव्हतं. दोनशे माणसं नवरानवरीकडे नुसतेच हात झटकत होती.

मूळ फाइल उघडली. अक्षता होत्या, चांगल्या मूठमूठ होत्या. दोन रात्री रेंडरला लावलेल्या एआयने त्या झाडून काढल्या होत्या. टेपवरचा थर जिथे उडालेला असतो तिथे क्षणभर पांढरा ठिपका चमकतो. आम्ही त्याला ड्रॉपआउट म्हणतो. पुढच्या फ्रेममध्ये तो नसतो. सॉफ्टवेअरच्या लेखी क्षणात येऊन गेलेला पांढरा कण म्हणजे कचरा. उडता तांदूळ त्याला वेगळा तो काय दिसणार? तेव्हापासून मंगलाष्टकांचा तुकडा मी वेगळा कापतो आणि त्याला ठिपके काढणारं फिल्टर लावत नाही. त्या पाच मिनिटांत पडद्यावर मुंग्या येतात. येऊ देत.

दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा समज असा, की कॅसेटमध्ये सगळं आहे, नुसती धूळ बसली आहे. मग मी पावतीच्या पाठीवर गुणाकार करून दाखवतो. आपल्याकडच्या पॅल पद्धतीची फ्रेम संगणकात घेतली की ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. फोर-केची फ्रेम ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोब्बर वीसपट. विसातला एक ठिपका कॅसेटमधला, बाकीचे एकोणीस यंत्राने आपल्या मनाने भरलेले. हाही हिशेब उदार आहे, कारण व्हीएचएसवर मुळात आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो. रंगाची तर त्याहून आबाळ. शालूचा लाल नेहमीच काठाबाहेर सांडलेला असतो.

हे मनाने भरणं म्हणजे गंमत नव्हे. चांगले फोटो मुद्दाम खराब करून, खराबावरून चांगला कसा ओळखायचा हे यंत्राला लाखो वेळा घोकवलेलं असतं. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एसआरसीएनएन हे जाळं मांडलं, तिथून ही वाट रुंद झाली. जे घोकलं तेच यंत्राला दिसतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘पल्स’ या प्रोग्रॅमला कुणीतरी बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर त्यातून एक गोरा गृहस्थ बाहेर आला. चेहरा स्वच्छ, डोळे पाणीदार, फक्त ओबामा नव्हते.

माझ्याकडेही असे परके लोक निघतात. लग्नाच्या पाटीवरचे थर्माकोलचे ‘शुभविवाह’ एकदा अशा लिपीत उमटले की ती मोडी नाही, देवनागरी नाही, कुठलीच नाही. मागच्या रांगेतल्या सगळ्या मावश्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी झालेल्या तर दर कॅसेटला असतात. हे हसण्यावारी जातं. एकदा गेलं नाही. एका बाईंना फाइल पाठवली, त्यात त्यांची आई सुनेची ओटी भरत होती. तासाभरात फोन आला. “आईच्या तोंडावर देवीचे वण होते. ते परत टाका.” मी सांगायला लागलो की मॅडम, यंत्र खडबडीत त्वचा दिसली की गुळगुळीत करतं. “ते मला नका सांगू. वण परत टाका.” त्या प्रसंगाला मी साधी, न सुधारलेली चित्रफीत लावून दिली. पैसे त्यांनी पूर्ण दिले.

माझी स्वतःची चूकही सांगून टाकतो. जुन्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विणलेली: एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम. संगणकावर हालचाल झाली की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. ही वीण आधी नीट उसवायची असते. सुरुवातीला मी घाईत ती न उसवताच फाइल एआयकडे दिली. त्याने दात खरे मानले आणि इमानाने धारदार केले. नवरदेवाच्या मुंडावळ्या करवतीसारख्या झाल्या, दोन रात्रींची वीज पाण्यात गेली.

सोसायटीचे एक सेक्रेटरी सीसीटीव्हीची क्लिप घेऊन आले होते; गेटला धडकून पळालेल्या स्कूटरचा नंबर हवा होता. एका मॉडेलने नंबर दिला. काका खूश. मी दुसरं मॉडेल लावलं, त्याने वेगळाच दिला, तितकाच ठसठशीत. तरीही काकांना पहिला पोलिसांत न्यायचा होता. मी कॉपी दिली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायाधीशांनी खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून नाकारला, तेव्हा मला त्या काकांची आठवण झाली.

म्हणून एआय वाईट का? छे. मिनी-डीव्ही या डिजिटल कॅसेटवर भरदिवसा अंगणात घेतलेली एक मुंज मी दुप्पट केली, तर भिक्षावळीच्या ताटातल्या लाडवांचा रवा मोजावा इतकी उतरली. मुळात माल असला की यंत्र कमाल करतं. हॅलोजनच्या झोतात घेतलेल्या, तिसऱ्यांदा कॉपी केलेल्या कॅसेटचं मात्र कुणीच काही करू शकत नाही, आणि नेमक्या त्याच माझ्याकडे जास्त येतात.

एक विनंती आहे. फोर-के पाच वर्षांनी केलं तरी चालेल, सॉफ्टवेअर तोवर सुधारलेलंच असेल. कॅसेटला मात्र दर पावसाळ्यात बुरशी चढते, आणि नवा व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्येच ते काम थांबवलं. माझ्याकडे चालू स्थितीतले दोन आहेत, त्यातला एक सुट्या भागांसाठी राखलेला. तेव्हा आधी कॅसेट आणा, तिची साधी फाइल करून घ्या, ती दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका.