'वामन परत न आला' : सातवीच्या मुलांना द्यावी का?

जयंत नारळीकरांची ही विज्ञान कादंबरी देण्याआधी मुलांना तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेऊन आणा. सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या बघितल्या, की जमिनीखालून जुनी माणसं कशी बोलतात ते कळतं. कादंबरीत मात्र सापडते ती आपल्याहून पुढे गेलेल्या संस्कृतीची पेटी! तिच्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. तो स्वतःसारखे आणखी बनवू लागला तर? तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्या वामनाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला नावातला धोका बरोबर कळतो. पात्रं जरा कोरडी आहेत, विज्ञानाची माहिती कुठं कुठं जड जाते. ती पानं तुम्हीच वाचून दाखवा. ती संस्कृती का संपली, हे तेवढं आधी सांगू नका.