औषधाची वेळ सांगणारा पडदा किती मोठा असावा?

मूलसारख्या गावात आज अनेक घरांतून वृद्ध दांपत्य एकटेच राहते; मुले नागपूरला वा पुण्याला. सुट्टीत आलेला नातू हौसेने रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक जोडून देतो. औषधाची वेळ दिसावी, दूरच्यांशी समोरासमोर बोलता यावे, हा हेतू. संगणक लहान चालतो. पडदा मात्र लहान चालेलच असे नाही. गोळी सकाळची की रात्रीची, हे धूसर अक्षरांवरून ताडावे लागले, तर यंत्राचा उपयोग काय?

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. त्यामुळे ७ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे १५.५ सेंटिमीटर रुंद व ८.५ सेंटिमीटर उंच भरतो. म्हणून इंचांआधी अंतर ठरवावे. साधा ठोकताळा असा : अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी, वयस्कर डोळ्यांसाठी त्याच्या दुप्पट. टेबलापाशी ६० सेंटिमीटरवरून ६ मिलिमीटरचे अक्षर पुरते. पलंगावरून, २ मीटरवर, ते २ सेंटिमीटरचे हवे. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे ओळीला जवळजवळ दुप्पट जागा लागते. अशा वेळी ७ इंची पडद्यावर जेमतेम दोन ओळी मावतील. २४ इंचीवर सात.

तेव्हा हाताशी ठेवायचा असेल तर ७ ते १० इंच, खोलीपलीकडून पाहायचा असेल तर २४ इंच वा अधिक. घरच्या टीव्हीला एचडीएमआय जोडणी असल्यास नवा खर्चही नको.

खरेदीपूर्वी एक प्रयोग अवश्य करा. पडद्याच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर औषधाचे नाव व वेळ ठळक काळ्या शाईने लिहा आणि नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या चष्म्याने, आजी-आजोबांना वाचायला सांगा. डोळे न ताणता वाचता आले, तर माप योग्य.

पडदा खिडकीसमोर नसावा. मोतीबिंदू असल्यास चकाकीचा त्रास अधिक होतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर तो नजरेच्या थोडा खाली ठेवावा, म्हणजे मान मागे टाकावी लागत नाही. आणि दिसणे अचानक कमी झाले, तर मोठा पडदा शोधू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.