मुक्त व्यावसायिकाचे संकेतस्थळ : बांधणीच्या साधनाची निवड



परिचयपत्र, माहितीपत्रक आणि जाहिरात ही व्यावहारिक मराठीची लेखनरूपे आपल्या परिचयाची आहेत. ती प्रामुख्याने कागदावरची. एकदा छापून झाली की छापखान्याशी आपला संबंध संपतो. संकेतस्थळाचे तसे नाही. ते ज्या साधनावर उभे केले जाते त्या साधनाशी आपला संबंध वर्षानुवर्षे टिकतो आणि तो बिघडला तर आपला मजकूरही हातचा जातो. म्हणून संकेतस्थळावर काय लिहावे, या प्रश्नाच्या आधी ते कोठे लिहावे, हा प्रश्न येतो. प्रस्तुत घटकात आपण त्याचा विचार करणार आहोत.

उदाहरणासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके घेऊ. मुक्त व्यावसायिक म्हटले की शहरातला संगणकासमोर बसलेला तरुण डोळ्यांसमोर येतो. परंतु नोकरी न करता आपले कौशल्य कामागणिक विकणारी व्यक्ती ती मुक्त व्यावसायिक, एवढीच व्याख्या धरली तर या दोन तालुक्यांत असे व्यावसायिक पुष्कळ आढळतील. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाडीत पर्यटकांची सोय करणारे कुटुंब, लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणारा तरुण, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या तलासरीत मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत कागदपत्रे तयार करून देणारा अनुवादक आणि अर्थातच वारली चित्रकार, हे सर्व या व्याख्येत बसतात.

यांपैकी वारली चित्रकाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. शेण आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर आणि कापडावर उतरली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्यांना जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज या परिसरात अनेक कुटुंबे चित्रकलेवर कमीअधिक प्रमाणात उपजीविका करतात. मात्र चित्र काढणारा हात आणि ते भिंतीवर लावणारा ग्राहक यांच्यामध्ये दुकानदार, प्रदर्शनाचे आयोजक, शहरातील मध्यस्थ अशी माणसे असतात. ग्राहकाला चित्रकाराचे नाव पुष्कळदा कळतच नाही. तेव्हा संकेतस्थळ हे येथे केवळ शोभेचे साधन नाही. ग्राहकाने थेट आपल्याला शोधावे आणि पुढच्या वेळी पुन्हा आपल्याकडेच यावे, हा त्याचा हेतू आहे. हा हेतू लक्षात ठेवला तर पुढील विवेचन समजणे सोपे जाईल.

नाव, जागा आणि घर

संकेतस्थळ म्हणजे एकच वस्तू, असा समज सर्वत्र दिसतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी म्हणजे जागा, अर्थात आपला मजकूर आणि चित्रे ज्या संगणकावर साठवली जातात ते होस्टिंग. तिसरी म्हणजे त्या जागेवरची बांधणी. पानांची रचना, शीर्षके, चित्रांची मांडणी हे सारे त्यात आले. वेबसाइट बिल्डर नावाने ओळखली जाणारी साधने या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून देतात. त्यातच त्यांची सोय आहे आणि त्यातच त्यांचा धोकाही आहे.

नावाविषयी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण न केल्यास दुसऱ्या कोणालाही घेता येते. दोन, नोंदणी कोणाच्या नावे आहे, यावर सारे अवलंबून असते. सातबाऱ्यावर नाव भावाचे आणि नांगर आपला, अशी स्थिती शेतीत किती भांडणे उभी करते हे आपणांस सांगायला नको. संकेतस्थळांतही नेमके हेच घडते. बाजारपेठेतील संगणकवाला किंवा शहरात राहणारा भाचा हौसेने स्थळ तयार करून देतो. नोंदणीत ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा. दोन वर्षांनी तो गाव सोडतो, क्रमांक बदलतो आणि नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही. येथे कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. तरीही चार वर्षे परिचयपत्रावर छापलेला पत्ता एका दिवसात परका होतो. म्हणून स्थळ कोणीही बांधो, डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरच करावी. भारतासाठीचे डॉट इन हे नाव सामान्यतः वर्षाला काहीशे ते हजारेक रुपयांत मिळते. या घटकातील इतर कोणताही सल्ला आपण मानला नाही तरी चालेल, हा मात्र मानावा.

साधनांचे प्रकार

बाजारात साधने अनेक आहेत आणि त्यांची नावे सतत बदलतात. त्यामुळे नावांपेक्षा प्रकार ओळखणे हिताचे.

पहिला प्रकार विनामूल्य साधनांचा. गूगलचे ब्लॉगर आणि गूगल साइट्स ही त्यांची परिचित उदाहरणे. रचनेचे पर्याय मोजके असतात, पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : या दोन्ही साधनांना स्वतःचे डोमेन जोडता येते आणि जोडण्याचे वेगळे शुल्क लागत नाही. दुसरा प्रकार भाड्याच्या तयार घरांचा. विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस डॉट कॉम ही त्यांतील मोठी नावे. विक्स आणि वर्डप्रेस डॉट कॉम यांची फुकट योजना असते, परंतु तीत पत्त्याला त्या कंपनीचे नाव चिकटलेले राहते आणि स्वतःचे डोमेन जोडायचे तर पैसे भरावे लागतात. तिसरा प्रकार दुकानासाठीचा, उदाहरणार्थ शॉपिफाय. त्यात साठा, कार्ट, पावती यांची व्यवस्था असते. एकसारख्या वस्तू नियमित विकणाऱ्यासाठी ती उपयुक्त आहे. जिचे प्रत्येक चित्र वेगळे, ज्याची किंमत मापावर आणि बोलण्यावर ठरते, अशा चित्रकर्तीने दर महिन्याला दुकानाचे भाडे भरण्याचे कारण दिसत नाही.

चौथा प्रकार वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतः घेतलेल्या होस्टिंगवर बसवण्याचा. २००३ साली सुरू झालेल्या या प्रणालीवर आज जगातील चाळीस टक्क्यांच्या आसपास संकेतस्थळे चालतात आणि तिचा कारभाराचा पडदा मराठीतही उपलब्ध आहे. वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची सेवा आणि वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर यांत विद्यार्थी नेहमी गोंधळतात. पहिले भाड्याचे घर आहे, दुसरे घराचा आराखडा आणि सामान. दुसऱ्यात स्वातंत्र्य सर्वाधिक, पण दुरुस्ती, अद्ययावत करणे आणि सुरक्षितता यांची जबाबदारीही आपलीच.

बाहेर पडण्याची वाट

साधन निवडताना लोक प्रवेशद्वार पाहतात. किती नमुने आहेत, किती सुंदर दिसते, किती मिनिटांत तयार होते, हे विचारतात. खरे तर विचारायला हवे ते हे, की उद्या येथून निघावे लागले तर काय काय सोबत नेता येईल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. एके काळी लाखो लोकांची पाने असलेली याहूची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे गूगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर मिळणारे फुकट संकेतस्थळ. छोट्या दुकानदारांना ते फार सोयीचे होते. मोबाइलवर चार गोष्टी भरल्या की पान तयार होत असे. मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सोय बंद केली. काही काळ जुना पत्ता नोंदीकडे वळवला जात होता, नंतर तेही थांबले. ज्यांनी तोच पत्ता फलकावर आणि पिशव्यांवर छापला होता त्यांचा फलक खोटा ठरला. ज्यांनी स्वतःचे डोमेन जोडले होते त्यांना मात्र तेच नाव दुसऱ्या ठिकाणी वळवता आले. नाव आणि जागा वेगळे ठेवण्याचा अर्थ हा असा.

या कसोटीवर साधने वेगवेगळी उतरतात. ब्लॉगर आणि वर्डप्रेसमधून सर्व मजकुराची फाइल उतरवून घेता येते आणि ब्लॉगरची फाइल वर्डप्रेसमध्ये घालताही येते. विक्सवर बांधलेले स्थळ मात्र जसेच्या तसे उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. ते तेथेच राहते, नवे घर पुन्हा बांधावे लागते. म्हणून विक्स वाईट असे नव्हे. पाच पानांचे स्थळ असेल तर ते पुन्हा बांधणे दोन दिवसांचे काम आहे. परंतु दहा वर्षांच्या चित्रांची सूची, प्रत्येक चित्रामागची कथा, असे साठत जाणारे काम करावयाचे असेल तर मी ते अशा ठिकाणी ठेवणार नाही. शिवाय साधन कोणतेही असले तरी मूळ छायाचित्रे आणि मजकूर यांची एक प्रत स्वतःजवळ, शक्यतो दोन ठिकाणी, ठेवावीच.

मराठीची कसोटी

आपण मराठीचे विद्यार्थी आहात. म्हणून हा भाग आपण इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहावा, अशी अपेक्षा आहे.

बहुतेक तयार नमुने रोमन लिपी समोर ठेवून आखलेले असतात. त्यांत देवनागरी मजकूर घातला की दोन ओळींमधले अंतर अपुरे पडते आणि शीर्षकाच्या वेलांट्या व उकार छाटले जातात. काही फाँट हिंदीपुरते घडवलेले असतात. निवड करण्यापूर्वी कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, ॲप, शाळा, लळा, ज्ञान हे शब्द त्या नमुन्यात लिहून पाहावेत. ‘ऱ्या’ तुटतो का, ‘ॲ’ च्या जागी चौकट येते का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात का, हे लगेच कळते. साधनात पानाची भाषा निवडण्याची सोय असेल तर ती मराठी करावी. काही फाँट त्या नोंदीनुसार अक्षरांचे मराठी रूप दाखवतात. मुक्त, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत.

आणखी एक अडचण टंकलेखनाची. डीटीपी केंद्रात शिवाजी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर संकेतस्थळावर चिकटवला तर तो रोमन अक्षरांची खिचडी होऊन उतरतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. त्याचे चित्र करून लावणे ही पळवाट सर्रास दिसते, पण चित्रातील अक्षरे शोधयंत्राला भरवशाने वाचता येतीलच असे नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या पडदावाचकाला तर ती बहुधा अदृश्यच असतात.

पत्ताही मराठीत असू शकतो. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. ते अवश्य घ्यावे, पण दुसरे म्हणून. काही ठिकाणी ते चिकटवल्यावर रोमन अक्षरांच्या सांकेतिक मालिकेत बदलते आणि अनेक अर्ज असा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. भाषेचा अभिमान आणि ग्राहकाची सोय यांत येथे तडजोड करावी लागते, हे मान्य केलेले बरे.

खर्च आणि परिस्थिती

खर्च महिन्यात नव्हे, वर्षात मोजावा. महिना ३०० रुपये ऐकायला थोडे वाटतात, वर्षाचे ते ३,६०० होतात आणि त्यावर कर वेगळा. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी नसते, म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच पाहावा. परकीय चलनात आपोआप कापले जाणारे शुल्क हा तर वेगळाच डोकेदुखीचा विषय. आपल्या किती चित्रांची किंवा किती पानांच्या अनुवादाची कमाई त्यात जाते, असा हिशेब मांडला की निर्णय पुष्कळदा आपोआप होतो.

पूर्वेकडील पाड्यांवर जेथे नेटवर्क येते-जाते, तेथे मोबाइलवरून संपादन करता येईल असेच साधन घ्यावे. छायाचित्रे चढवण्यापूर्वी लहान करावीत. मोबाइलने काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र दोनशे केबीत बसते आणि पडद्यावर तितकेच नीट दिसते. मोठी प्रत न चढवल्याने नक्कल करून छापणाऱ्याचीही थोडी अडचण होते. वारली चित्रकलेला तसेच डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचे नाव आणि चिन्ह व्यवसायात वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेण्याची तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. ती नोंद असेल तर पहिल्याच पानावर लिहावी. नक्कल विकणाऱ्याला ते वाक्य लिहिता येत नाही.

आता निवडीकडे येऊ. तलासरीच्या अनुवादकाला एका पानात काम भागेल : कोणत्या भाषा, कोणती कागदपत्रे, पृष्ठाचा दर, संपर्क. त्याने स्वतःचे डोमेन घेऊन गूगल साइट्सला जोडावे, यापलीकडे खर्च करू नये. चिकूवाडीच्या कुटुंबाला ताजी छायाचित्रे आणि खोल्यांची उपलब्धता वारंवार बदलावी लागते, त्यांना भाड्याचे तयार घर परवडेल. वारली चित्रकर्तीने ब्लॉगर किंवा वर्डप्रेसपासून सुरुवात करावी, कारण तिचे काम साठत जाणारे आहे. आणि ज्याला महिन्यात दोनच कामे मिळतात, तीही ओळखीने, त्याने सध्या व्हॉट्सॲप बिझनेसमधील सूची नीट भरावी, डोमेन तेवढे नोंदवून ठेवावे आणि संकेतस्थळ पुढच्या वर्षावर टाकावे.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एका मुक्त व्यावसायिकाला भेटा. त्याच्या संकेतस्थळाचे वा प्रस्तावित संकेतस्थळाचे डोमेन कोणाच्या नावे आहे किंवा असावे, वर्षाचा एकूण खर्च किती आणि मजकूर बाहेर काढण्याची सोय कोणती, याची माहिती घ्या. तिच्या आधारे त्याच्यासाठी योग्य साधन सुचवणारे सुमारे २०० शब्दांचे पत्र त्यालाच उद्देशून लिहा.