सुट्टीतली लांब धाव

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत घरी मैदान नसतं, उस्तादांची शिट्टी नसते. सराव मात्र चालूच ठेवावा लागतो. बारा किलोमीटरसाठी रस्ता मी असा निवडतो.

आधी किलोमीटरचा दगड पाहतो. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, दोन्ही टाळतो. केशरी माथा ग्रामसडकेचा, तिकडं वळतो.

माझं गाव बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याजवळ. कालव्याचं पाणी उतारानंच वाहतं, म्हणून तो उंचवट्यांना वळसा घालत, अगदी मंद उतारानं नेलेला असतो. त्याच्या काठच्या कच्च्या रस्त्यावर दम एकसारखा राहतो, मातीमुळं नडग्यांना हादरेही कमी बसतात. पण उजाडल्याशिवाय तिथं जात नाही आणि पाण्यापासून लांबची कड धरतो.

सरळ सहा किलोमीटर गेलं, की पाय मुरगळला तरी परत सहा यावंच लागतं. म्हणून मी दोन किलोमीटर जाऊन परततो, अशा तीन फेऱ्या. दर फेरीला घर लागतं, पाणी मिळतं.

डांबरी रस्त्यावर उजव्या कडेनं धावा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. आणि निघताना कुठल्या वाटेनं जाताय, ते घरी सांगून जा.