भोगनंदीपासून योगनंदीपर्यंत

बंगळुरूच्या आग्नेयेस कोरमंगलाकडून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा एके काळी शेतांमधून आणि तळ्यांच्या काठाने जाणारा रस्ता होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंस उंच इमारती उभ्या आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते. येथे राहणाऱ्यास डोंगर दिसत नाही. दिसतात त्या समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या. आम्ही उभयता गेली नऊ वर्षे याच रस्त्यावर राहतो. माझे भाषांतराचे काम घरूनच चालते, तर पतींची कचेरी जवळ असूनही वाहनांच्या गर्दीमुळे दूर झालेली आहे.

लग्नाच्या वर्षी आम्ही दोघांनी कळसूबाई सर केली होती. महाराष्ट्रातील सर्वोच्च असे ते १६४६ मीटर उंचीचे शिखर, त्याच्या लोखंडी शिड्या आणि माथ्यावरचे देवीचे चिमुकले मंदिर यांची आठवण पुढे केवळ एका छायाचित्रात उरली. गतवर्षी पावसाळ्यात पतींच्या छातीत दुखू लागले. हृदयाच्या एका धमनीत जाळीची नळी बसवावी लागली. ते बरे झाले, परंतु आमच्या घरातील संभाषण मात्र बरे झाले नाही. ‘गोळी घेतली का?’ आणि ‘घेतली’ या दोन वाक्यांत आमचे दिवस सामावू लागले.

आठ महिन्यांनी चाचण्या करून डॉक्टरांनी सांगितले, की बेताने चढ चढण्यास आता हरकत नाही. एक साधा नियमही त्यांनी घालून दिला: चालताना सहज बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे आणि थांबावे. छातीत दुखले, तर शिखर दहा पावलांवर असले तरी परतावे.

आम्ही नंदीचा डोंगर निवडला. बंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटरांवर असलेल्या या डोंगराची उंची १४७८ मीटर आहे. हा आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण बंगळुरू हेच मुळी नऊशे मीटरांहून उंच पठारावर वसलेले आहे. प्रत्यक्ष चढ त्यामुळे पुष्कळच कमी होतो. माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ताही आहे. परंतु पायथ्याच्या सुलतानपेठेकडून पायऱ्यांची जुनी वाट आहे, तिनेच जावयाचे असे आम्ही ठरविले. शनिवार-रविवारची गर्दी टाळून एका बुधवारी रजा काढली आणि पहाटेच्या अंधारातच घर सोडले. शिदोरीस दशम्या, भाजलेले शेंगदाणे आणि पाणी. पतींच्या खिशात जिभेखाली ठेवावयाची गोळी.

डोंगराखालच्या नंदी गावात प्रथम भोगनंदीश्वराचे दर्शन घेतले. या देवालयाचा आरंभ नवव्या शतकातील आहे. पुढे चोळ, होयसळ आणि विजयनगर या राजवटींनी त्यात भर घातली. एका बाजूस अरुणाचलेश्वर, दुसऱ्या बाजूस भोगनंदीश्वर आणि दोहोंच्या मध्ये उमामहेश्वराचे छोटे गर्भगृह अशी येथील रचना आहे. परंपरा असे सांगते, की अरुणाचलेश्वर हे शिवाचे बाल्य, भोगनंदीश्वर हे यौवन, आणि मधले उमामहेश्वर हा विवाह. म्हणूनच नवदांपत्ये येथे आशीर्वादासाठी येतात. शिवाचे विरक्त रूप मात्र येथे नाही. तो योगनंदीश्वर डोंगराच्या माथ्यावर एकटा बसला आहे.

पायऱ्या सुरू झाल्या आणि माझ्या मनातील भीतीही सुरू झाली. प्रत्येक वळणावर मी मागे वळून त्यांचा चेहरा न्याहाळीत होते.

“श्वास लागला का?” मी विचारले.

“पुन्हा एकदा विचारलंस तर खरंच लागेल,” ते हसून म्हणाले. “माझ्याकडे पाहू नकोस, पायरीकडे पाहा.”

डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे बोलत राहणे आवश्यक होते. आरंभी आम्ही घरभाडे, गावाकडचा पाऊस, मोठ्या नणंदेच्या मुलीचे लग्न असे विषय काढले. ते अर्ध्या वाटेतच संपले. एका सपाट खडकावर आम्ही विसाव्यास बसलो, तेव्हा ते म्हणाले, “त्या रात्री रुग्णालयात मला फार भीती वाटली होती. तू आणखी घाबरशील म्हणून सांगितलं नाही.”

मीही तेव्हा सांगून टाकले, की आजही रात्री दोन-तीनदा उठून मी त्यांचा श्वास चालू आहे ना हे पाहते. ते काही वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला ठाऊक आहे. मी जागाच असतो.”

आठ महिने एकाच छताखाली दोघे जागे होतो, आणि दोघेही झोपेचे सोंग घेत होतो! हे कळण्यास आम्हांला डोंगर चढावा लागला.

उरलेली वाट आम्ही वेग न वाढविता, परंतु हलक्या मनाने चढलो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा खालची दरी धुक्याने भरलेली होती. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार आणि म्हणून जड झालेली हवा सखल भागात उतरते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. म्हणूनच शिखर उन्हात आणि गावे ढगांखाली असे दृश्य येथे सकाळी दिसते. टिपू सुलतानाचा उन्हाळी निवास, जुना तट आणि खोल कडा आम्ही पाहिला. बळकट मानला गेलेला हा किल्ला ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने टिपूकडून घेतला. पुढे १९८६ साली बंगळुरूस सार्क राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा त्या देशांचे नेतेही या डोंगरावर आले होते.

योगनंदीश्वरासमोर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. अर्थात, माकडांवर एक डोळा ठेवूनच!

नंदीच्या परिसरात अर्कावती, पालार, उत्तर पिनाकिनी आणि दक्षिण पिनाकिनी या नद्यांचे उगम आहेत. त्यांतील दक्षिण पिनाकिनी बंगळुरूच्या पूर्वेकडून तामिळनाडूत जाते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. आमच्या सर्जापूर रोडजवळच्या बेळ्ळंदूर तळ्याचे पाणी वर्तूर तळ्यातून याच नदीच्या खोऱ्यात उतरते. सांडपाण्याने दूषित झालेल्या बेळ्ळंदूर तळ्यावर फेस दाटला, आणि २०१५, २०१७ व २०१८ साली तेथे आगीही लागल्या. ज्या नदीचा जन्म एवढ्या स्वच्छ वाऱ्यात होतो, तिच्या पदरात आपण काय टाकतो, हा विचार त्या माथ्यावर मनाला टोचल्यावाचून राहिला नाही.

उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून काठी हाती घेतली आणि पायऱ्या तिरप्या पावलांनी उतरलो. सायंकाळी सर्जापूर रोडवरील तीच वाहनांची रांग आमची वाट पाहत होती.

ज्या वाचकांस अशा सहलीची इच्छा होईल त्यांनी पहाटे निघावे, पाणी भरपूर घ्यावे, कचरा परत आणावा, आणि प्रकृतीची तक्रार असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून पाऊल उचलू नये. डॉक्टरांचा तो बोलण्याचा नियम मात्र निरोगी दांपत्यांनीही पाळण्याजोगा आहे. आमच्यापुरते सांगावयाचे तर त्या रात्री मी एकदाच उठले. “झोप आता,” असे अंधारातून उत्तर आले, आणि मी झोपले.