वीसच शेंगदाणे उरले, आता काय?

तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात आमचा मुक्काम होता. बाहेर धो-धो पाऊस, आत शेंगदाण्यांवर पोकर. (पैशांवर नाही हं, रेक्टर सर!) शेवटी दोघंच उरलो. हरणाऱ्याने सकाळी गडावर सगळ्यांचं पाणी न्यायचं. समोर ढीग, माझ्याकडे फक्त २०. मी चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसलो आणि संपलो. पाच बाटल्या माझ्या सॅकमध्ये! परत आल्यावर गणित मांडलं.

दोघांच्या खेळात पत्ते बघण्याआधीच एकाला १ आणि दुसऱ्याला २ शेंगदाणे भरावे लागतात. हेच ब्लाइंड. १ भरणारा आधी बोलतो.

समजा, २० हातात असताना आपण १ भरलाय. पत्ते टाकले तर तो गेला. असं दहादा केलं की १० गेले. त्याऐवजी दर वेळी सगळे २० लावले तर? धरा, समोरचा सहादा घाबरून पत्ते टाकतो. त्याचे २ प्रमाणे १२ मिळाले. चारदा तो भिडतो, आणि आपण त्यात ४० टक्केच जिंकतो. सरासरी १६ गेले. एकूण तोटा ४. तोटाच, पण १० पेक्षा बरा ना?

समोरचा कधीच पत्ते टाकत नसेल, तर मात्र तोटा ४० वर जातो. तिथे चांगल्या पत्त्यांवरच लावा.

मला वाटलं होतं, मी नुसता थांबलोय. खरं तर दर डावाला भाडं भरत होतो.