गुलाबी पावडर, उग्र द्रव

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये पाऊल टाकलं की सगळ्यात आधी जाणवतो तो वास. गोडसर, पण उग्र आणि थेट डोक्यात जाणारा. पाण्यासारख्या दिसणाऱ्या मिथाइल मेथॅक्रिलेट या द्रवाचा हा वास. टेक्निशियन तीन माप गुलाबी पावडर आणि एक माप हा द्रव झाकणाच्या भांड्यात एकत्र करतो आणि वाट बघतो. मिश्रण आधी रवाळ असतं. मग चिकट होतं, ढवळणी वर उचलली की तारा सुटतात. आणखी थोड्या वेळाने ते मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं, बोटांना चिकटेनासं होतं. नेमक्या याच क्षणी ते प्लास्टरच्या साच्यात दाबून भरायचं. उशीर झाला तर गोळा ताठरतो आणि साच्याच्या कोपऱ्यांत पोचत नाही.

ती पावडर आणि तो द्रव मुळात एकाच पदार्थाची दोन रूपं आहेत. द्रव म्हणजे सुटे रेणू, म्हणजे मोनोमर. पावडर म्हणजे हेच रेणू हजारोंच्या संख्येने साखळीत जोडून आधीच घट्ट झालेले मणी, म्हणजे पॉलिमर. नुसत्या द्रवापासून कवळी करायला गेलं तर घट्ट होताना तो आकारमानात सुमारे 21 टक्के आकसतो. अशी कवळी कुणाच्याच हिरडीवर बसणार नाही. तयार पावडर मिसळली की आकसणं साधारण 7 टक्क्यांवर येतं.

सुट्या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. पावडरीत बेन्झॉइल पेरॉक्साइड अगदी थोडं मिसळलेलं असतं. उष्णता लागली की ते फुटतं, त्याचा तुकडा एका रेणूचा दुहेरी बंध उघडतो, तो रेणू शेजारच्याला पकडतो, शेजारचा पुढच्याला. मला या रचनेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती प्रत्येक कडीवर लटकलेला छोटासा मिथाइल गट. तो काढून टाकला तर मिथाइल ॲक्रिलेट उरतं. त्याचं पॉलिमर सुमारे 10 अंश सेल्सिअसच्या वर रबरासारखं लवचीक होतं. मिथाइल गट असला की साखळीला सहज वळता येत नाही आणि पदार्थ जवळपास 105 अंशांपर्यंत कडक राहतो. गरम चहा पिताना कवळी मऊ पडत नाही, ती एका कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंच्या या अडथळ्यामुळे.

खरी कसोटी मात्र पुढेच असते. साचा गरम पाण्यात ठेवतात, तिथे घाई करून चालत नाही. मोनोमर 101 अंशांच्या आसपास उकळतो आणि साखळ्या जुळतानाही उष्णता बाहेर पडते. पाणी एकदम उकळलं तर कवळीच्या जाड भागात अडकलेला द्रव आतल्या आत उकळून बुडबुडे धरतो. म्हणून आधी सत्तरेक अंशांवर कित्येक तास ठेवायचं आणि शेवटी उकळी द्यायची, म्हणजे मागे राहिलेले रेणूही साखळीत जातात. सगळे कधीच जात नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतेने पक्क्या केलेल्या कवळीत 2.2 टक्क्यांपर्यंत सुटा मोनोमर चालतो. नवी कवळी आधी पाण्यात भिजवून ठेवतात, त्याचं एक कारण हेच.

या पदार्थाबद्दल मला सांगायचं आहे ते एवढ्यासाठीच. पॉलिमर शरीराला सहसा त्रास देत नाही. त्रास देतो तो साखळीत न गेलेला मोनोमर.

हॅरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रशल्यविशारदाची गोष्ट या दृष्टीने वाचावी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छत्रं याच पदार्थाची होती. इंग्लंडमध्ये त्याचं व्यापारी नाव पर्स्पेक्स. छत्र फुटून त्याच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत आणि कित्येकदा काही न करता तिथेच राहत. हे पाहून रिडलींनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. कपच्यांपर्यंतची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पण रिडलींनी बाजारातला पर्स्पेक्स जसाच्या तसा वापरला नाही, हे फारसं सांगितलं जात नाही. आयसीआय कंपनीच्या जॉन होल्ट यांनी त्यांच्यासाठी जास्त शुद्ध प्रत तयार केली. ती पर्स्पेक्स सीक्यू म्हणून ओळखली गेली. कल्पना रिडलींची खरी, पण ती डोळ्यात टिकली त्याचं मोठं श्रेय मी या शुद्धतेला देते. पुढे 1992 मध्ये मदुराईत सुरू झालेल्या ऑरोलॅबने ही भिंगं इतकी स्वस्त केली की आपल्याकडच्या गरीब रुग्णालाही ती परवडू लागली.

खुब्याच्या सांध्यात तर तासन्‌तास शिजवण्याची सोयच नसते. अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी 1958 मध्ये कृत्रिम सांधा पक्का बसवायला हेच मिश्रण वापरायला सुरुवात केली. त्यांना याचा सल्ला दिला तो डेनिस स्मिथ या दंतसाहित्याच्या रसायनतज्ज्ञाने. म्हणजे कवळीची विद्याच खुब्यापर्यंत गेली. इथे द्रवात एक अमाइन घातलेलं असतं. त्यामुळे पेरॉक्साइड उष्णतेविना फुटतं आणि काही मिनिटांत शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मिश्रण दगडासारखं होतं. त्याला बोन सिमेंट म्हणतात, पण ते हाडाला चिकटत नाही. हाडाच्या खाचाखोचांत शिरून धातूला घट्ट धरून ठेवतं.

याच घराण्यातला हेमा नावाचा मोनोमर पाहा. त्याच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात. रसायनतज्ज्ञ ऑटो विख्टर्ले यांनी 1961च्या नाताळात प्रागमधल्या आपल्या घरी, मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर, त्याच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या. साखळीत गेलेला हेमा डोळ्याच्या बुबुळावर दिवसभर सुखाने बसतो. सुटा हेमा मात्र त्वचेला ॲलर्जी देणाऱ्यांत अग्रणी आहे, आणि तो नखांवरच्या जेलमध्ये सर्रास असतो. जेल घट्ट करणाऱ्या दिव्याखाली हात पुरेसा वेळ धरला नाही, दिवा जेलशी जुळणारा नसला किंवा जेल कातडीवर ओघळलं, की तो सुटाच राहतो. वरचा चिकट थर तर राहतोच, कारण हवेतला ऑक्सिजन तिथे साखळी वाढू देत नाही. तो कातडीला न लागू देता पुसावा लागतो. युरोपीय संघाने 2020च्या नियमाने हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली. आपल्याकडे घरी जेल लावायचे संच ऑनलाइन मागवणाऱ्या मुलींपर्यंत हा इशारा पोचायलाच हवा, कारण ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. मग दातात भरायचं सिमेंट, कवळी, बोन सिमेंट, सगळ्यांतले मेथॅक्रिलेट संशयित ठरतात. नखांभोवती खाज, फोड किंवा भेगा पडल्या तर जेल बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी, आणि निदान झालंच तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना ते पहिल्यांदा सांगावं.